टाइमआउट दिला म्हणून स्क्रिप्ट मरत नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. नागपूरच्या इतवारीतल्या दोन-तीन दुकानांचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे असली ज्ञानाची पाकिटं माझ्याकडे हमखास येतात. मजकूर थोडक्यात असा: "ऑटोमेशनच्या स्क्रिप्टमध्ये प्रोग्राम उघडण्याला टाइमआउट लावू नका. टाइमआउट झाला की स्क्रिप्ट मध्येच मरते. त्यापेक्षा मोठा स्लीप टाका, नाही तर विंडो येईपर्यंत थांबू द्या, कधी ना कधी येतेच. एसएसडी असेल तर प्रश्नच नाही." खाली जोडलेले हात. म्हणजे खरंच असणार! (स्क्रिप्ट म्हणजे आपल्या वतीनं कळा दाबणारी आज्ञांची यादी, टाइमआउट म्हणजे तिनं किती वेळ वाट बघायची याची मर्यादा, आणि स्लीप म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं.)

आधी ते मरण्याचं बघू. ऑटोहॉटकी या स्क्रिप्ट लिहिण्याच्या साधनात 'विनवेट'ला, म्हणजे विंडो येईपर्यंत थांबण्याच्या आज्ञेला, मर्यादा दिली आणि तेवढ्या वेळात विंडो आली नाही, तर स्क्रिप्ट मरत नाही. ती मुकाट पुढच्या ओळीवर जाते. जुन्या आवृत्तीत 'एररलेव्हल' हा चूक सांगणारा आकडा १ होतो, आवृत्ती २ मध्ये विंडोच्या क्रमांकाऐवजी शून्य परत येतं, बस. ते तपासणं आपलं काम. आपण तपासत नाही, मग पुढच्या कळा भलतीकडेच दाबल्या जातात आणि बोल लागतो टाइमआउटला. पायथॉन भाषेतल्या पायविनऑटो या तशाच साधनात मात्र खरंच अपवाद (चुकीचा इशारा) फेकला जातो आणि तो पकडला नाही तर स्क्रिप्ट थांबते. शिवाय तिथे आपण काही न सांगता ५ सेकंदांची मर्यादा लागू असते. मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा तिथेच चटका बसला असावा. पण त्यावर उपाय म्हणजे मर्यादा वाढवा आणि अपवाद पकडा. मर्यादाच काढून टाकणं हा उपाय नव्हे.

आता "कधी ना कधी येतेच". या चार शब्दांवर माझे तीन दिवस गेलेत.

एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे रोज रात्री ९ वाजता स्क्रिप्ट हिशेबाचा प्रोग्राम उघडायची, बॅकअप घ्यायची आणि बंद करायची. विनवेटला मर्यादा नव्हती. तेव्हा मीही याच मताचा होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, प्रोग्राम उघडा असतानाच मशीन बंद पडली. रात्री स्क्रिप्टनं प्रोग्राम पुन्हा उघडला, तर समोर मुख्य विंडोऐवजी प्रश्न: डेटा दुरुस्त करायचा का? हो, नाही. उत्तर द्यायला दुकानात कोणी नाही. स्क्रिप्ट मुख्य विंडोची वाट बघत बसली.

शनिवारी आणि रविवारी दुसरी फेरी का सुरू झाली नाही? कारण ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरचं मूळ सेटिंगच असं असतं, की आधीचं काम चालू असेल तर नवं सुरू करायचं नाही. आणि लांबलेलं काम तो स्वतःहून थांबवतो ते ३ दिवसांनी. सोमवारी सकाळी मुनीमजींचा फोन आला, "काहून जी, तुमचा बॅकअप शुक्रवारपासून झोपूनच राहिला?" मर्यादा असती तर शुक्रवारी रात्रीच कळलं असतं. विंडो कधी येईल हे मर्यादेच्या हातात नसतंच. ती आली नाही हे कोणाला आणि केव्हा कळणार, तेवढं मर्यादा ठरवते.

मोठ्या स्लीपचं म्हणाल, तर तो आंधळा. ३० सेकंदांचा स्लीप टाकला आणि प्रोग्राम ४ सेकंदांत आला, तर २६ सेकंद फुकट. ते परवडतं. पण ४० सेकंद लागले तर? माझी एक जुनी स्क्रिप्ट शेवटी ऑल्ट-एफ४ आणि मग एंटर दाबायची, "बाहेर पडायचं का?" याला होकार म्हणून. एके दिवशी प्रोग्राम आलाच नाही, समोर कोरा डेस्कटॉप. तिथे ऑल्ट-एफ४ दाबलं की विंडोज बंद करण्याचा डायलॉग येतो, आणि एंटर म्हणजे होकार. स्क्रिप्टनं कॉम्प्युटरच झोपवला!

एसएसडीनं वेग वाढतो, मान्य. पण वरचा दुरुस्तीचा प्रश्न एसएसडीवरही तसाच येतो. डेटा दुसऱ्या मशीनवर असेल, लायसन्स इंटरनेटवरून तपासलं जात असेल, अँटिव्हायरस मध्ये पडला असेल, तर डिस्क काय करणार? शिवाय मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, आणि पोटमाळ्यावर ठेवलेला प्रोसेसर तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो.

मेसेजमध्ये नसलेली, पण लोक खरोखर फसतात ती गोष्ट एककांची. ऑटोहॉटकीत स्लीप मिलिसेकंदांत, विनवेट सेकंदांत. सवयीनं विनवेटला ३०००० लिहिलं तर ती मर्यादा झाली ८ तास २० मिनिटांची. शून्याचंही तसंच: ऑटोइट या दुसऱ्या साधनात विनवेटला ० म्हणजे अमर्याद वाट, ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीत ० म्हणजे अर्धा सेकंद. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवणाऱ्यांनी हे आधी बघावं. आणि 'रनवेट'च्या नावावर जाऊ नका. ती आज्ञा प्रोग्राम उघडेपर्यंत नाही, तो बंद होईपर्यंत थांबते.

आकडा किती ठेवायचा? मोजून. मशीन रीस्टार्ट करून पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ धरा. दुसऱ्यांदा उघडताना फायली मेमरीत असतात, तो वेळ फसवा. डाळीच्या दुकानात मी असं १५ वेळा मोजलं. सगळ्यात वाईट ३१ सेकंद, म्हणून मर्यादा ९०. ती संपली की स्क्रिप्ट आधी स्क्रीनचा फोटो काढते, मग अर्धवट उघडलेला प्रोग्राम बंद करते आणि फक्त एकदा पुन्हा प्रयत्न करते. जुना बंद न करता नवा उघडला तर दोन प्रती एकाच डेटा फाइलवर भांडतात. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर तो फोटो ईमेलनं मला आणि मुनीमजींना. आतापर्यंत असे दोन ईमेल आले. दोन्ही फोटोंत तोच दुरुस्तीचा प्रश्न होता, आणि दोन्ही वेळा यूपीएसची बॅटरी गेलेली.