तेलुगू येतं, कन्नड येतं, मग रेझ्युमेवर लिहा की!

बारावी झालेली, बीकॉम झालेली आपल्याकडची पोरंपोरी सारखं एकच विचारायलेत, ताई अनुभव काहीच नाही, घरबसल्या नोकरी मिळंल का? मिळते. मी स्वतः कस्टमर सपोर्टमध्ये आहे, जुळे सोलापुरात घरात बसूनच काम करते आणि आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यूपण घेते, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही. पण पोरं जे शोधतात आणि जे खरं असतं त्यात लय फरक आहे आणि तिथंच लोक फसायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनुभव नसलेल्याला घरून मिळणारं खरं काम म्हणजे बहुतेक वेळा कस्टमर सपोर्टच. कॉल, चॅट नाहीतर ईमेल. त्यात शिफ्ट असते, रोस्टर असतं, सुट्टी रविवारीच मिळंल असं नसतं, ऐन दिवाळीत तर काम दुप्पट. आधी टायपिंग आणि बोलण्याची टेस्ट, मग व्हिडिओवर इंटरव्ह्यू, मग ऑफर लेटर, आधार-पॅन, ट्रेनिंग. पगार सुरुवातीला बेताचाच, त्यातनं पीएफ कापतात. घरात ब्रॉडबँड पाहिजे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागत नाही, आणि लाईट गेली तरी इंटरनेट चालू राहील अशी सोय पाहिजे. एवढं सगळं विचारणारी कंपनी बघून पोरं कंटाळतात आणि 'रोज दोन तास, मोबाईलवर काम, इंटरव्ह्यू नाही' वाल्या मेसेजला रिप्लाय देतात!

मराठी ऑडिओ ऐकून टाईप करायचं, एआयसाठी वाक्यं तपासायची असली कामंपण खरी आहेत, पण ती तुकड्यातुकड्यानं येतात, एखादा महिना भरपूर आणि एखादा महिना काहीच नाही, त्यामुळं त्याच्यावर घरभाडं धरू नका.

आता फसवणुकीचं. ओळखीतल्या एका पोरीचं सांगते, नाव नको. आई विड्या वळते. पोरीला टेलिग्रामवर काम आलं, हॉटेलांना फाईव्ह स्टार रेटिंग द्यायचं आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये खात्यात आले. मग 'प्रीपेड टास्क', हजार भरा तेराशे घ्या, तेपण आले. ग्रुपमधली बाकीची मंडळी आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होती, ती सगळी त्यांचीच माणसं, पण ते हिला कसं कळणार. मग पाच हजार, मग वीस. मग सांगितलं तुमचा टास्क चुकला, खातं फ्रीज झालंय, सोडवायला अजून भरा. आईनं भिशीचे म्हणून ठेवलेले पैसे त्यात गेले. पोरगी कित्येक दिवस नीट जेवत नव्हती आणि तिला घरात बोलणारे मात्र सगळे होते. मला याचा फार राग येतो. पोरगी कामच शोधत होती ना, चोरी तर करत नव्हती!

दुसरा प्रकार फॉर्म फिलिंगचा. आधी अ‍ॅग्रीमेंटवर सही घेतात, आठवड्यात शेकडो फॉर्म भरायला लावतात, मग म्हणतात अ‍ॅक्युरसी कमी आली, आता तुम्हीच पैसे भरा नाहीतर केस करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या लेटरहेडची नोटीस येते आणि घरचे घाबरून भरतात. भरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नाही, नोटीस खरी का खोटी ते आधी ओळखीच्या वकिलाला दाखवा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका, जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट, 'रिफंडेबल' असलं कुठलंही नाव देऊन पैसे मागितले की तिथंच थांबा. तुमचं बँक खातं 'वापरायला' मागितलं तरी तेच, कारण त्यात दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात. कंपनी नोंदलेली आहे का ते एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, साईटवर फुकट बघता येतं, पण खऱ्या कंपनीचं नाव वापरूनपण फसवतात, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साईटवर करिअरच्या पानावर ती जागा आहे का ते बघा आणि तिथूनच अर्ज करा. नोकरी शोधायला सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलपण आहे, नोंदणी फुकट आहे, तिथंसुद्धा कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या पोरांचे रेझ्युमे बघून जीव तुटतो. छंद लिहितात, वडिलांचा व्यवसाय लिहितात आणि भाषांच्या ओळीत मराठी, हिंदी, इंग्रजी, बस! अहो, अशोक चौकातल्या पोरीनं घरात जन्मभर तेलुगू बोलायचं आणि ते लिहायचंच नाही? अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची पोरं कन्नड सहज बोलतात, तीपण लिहीत नाहीत, विचारलं तर म्हणतात ते घरचंच बोलणं आहे, त्यात काय. रिक्रुटर नोकरी डॉट कॉमवर भाषेचा शब्द टाकून शोधतात. मराठी, हिंदी आणि तेलुगू तिन्ही बोलणारा माणूस पुण्यात शोधावा लागतो, आपल्याकडं गल्लीगल्लीत आहे. वाचता येत नसेल तर 'बोलता येतं' असं लिहा, खोटं लिहू नका, व्हॉईसच्या, म्हणजे कॉलवरच्या, कामाला बऱ्याचदा तेवढं पुरतं. टायपिंगचं सर्टिफिकेट सरकारी भरतीसाठी काढून कपाटात ठेवलेलं असतं तेपण लिहा, इंग्रजी ४०, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांचं, असेल तर चॅटच्या टेस्टला धीर येतो.

घरच्यांनापण एक विनंती. पोरगी खोलीचं दार लावून हेडफोन घालून बसलीय म्हणजे ती कामावर आहे. तिला मधूनच उठवून दळण आणायला पाठवू नका, कॉल चालू असतो, तो रेकॉर्ड होतो आणि त्यावर तिचे मार्क ठरतात.

कुणाला ऑफर आली असेल आणि शंका असेल तर पैसे भरायच्या आधी मला मेसेज करा, माझी शिफ्ट रात्री संपते, त्यानंतर नक्की बघते.