पडणाऱ्या दाताला कशाला पैसे?

"नुसतं बघितलंत ना? मग पैसे कसले?" असं विचारून मुलीचे बाबा गेले त्याला तासही झालेला नाही, त्यामुळे हे रागातच लिहिते आहे.

फोंड्यातलं क्लिनिक छोटं, आत आणि बाहेर यांच्यामधला आडोसा छातीएवढाच. मी आत बोलते ते बाहेरच्या बाकाला सगळं ऐकू येतं. मुलगी सात वर्षांची. चारही कोपऱ्यांत नव्याकोऱ्या दाढा, वर खोल खाचा. मी म्हटलं, सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून टाकू. बाबा म्हणाले, "दुधाचेच ना? पडतीलच."

नाही हो! सहाव्या वर्षाच्या सुमाराला ही दाढ सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती कायमची. तिच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केसही तळाला पोचत नाही. खाज्याचा चुरा मात्र बरोबर पोचतो.

मग मी नको तितकं सांगून बसले. आधी दाढ साफ करायची, बाजूला कापसाच्या गुंडाळ्या. मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल, १५ ते ३० सेकंद. धुऊन वाळवली की दाढ खडूसारखी पांढरी दिसली पाहिजे. त्यावर पातळ रेझिन, मग निळा प्रकाश. मध्ये थुंकी लागली तर सीलंट टिकत नाही, ॲसिडपासून पुन्हा सुरुवात.

"ॲशिड?"

आडोशावरून एक डोकं वर आलं. आजोबा. कवळी टोचते म्हणून सकाळपासून बसलेले, ती रुमालात बांधून हातात धरलेली, म्हणून स चा श.

"गे बाय, पोरीच्या तोंडात ॲशिड घालतेश?"

मी म्हटलं, आजोबा, जेल अर्धा मिनिट ठेवून धुऊन टाकतो, तुमचा लिंबूसोडा त्याहून जास्त वेळ दातांवर असतो.

"आमच्या वेळी कुठं होतं हे शगळं? राखेनं दांत घाशले. काय बिघडलं आमचं?" असं म्हणत त्यांनी रुमाल हलवला. आतून कवळी खडखडली. सगळा बाक मान डोलावत होता. बाबाही. पाच वर्षं शिकले, वर आणखी तीन, आणि निकाल लावला रुमालातल्या बत्तीशीनं.

याच बाबांची गाडी बाहेर उभी होती. पाऊस यायच्या आधी तिच्या बुडाला गंज लागू नये म्हणून कोटिंग झालेलं. ते त्यांनीच अभिमानानं सांगितलं होतं. घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान मे महिन्यातच भरलेलं असणार. पावसाळ्याची तयारी गोंयकाराला शिकवावी लागत नाही. गंज दिसेपर्यंत गाडीसाठी कुणी थांबत नाही, दाढेसाठी मात्र सगळे थांबतात.

बरं, दुधाच्या दाढांचंही 'पडणारच' म्हणून सोडता येत नाही. शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून असते. ती किडून आधीच काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. मग तारा लावा. तेव्हा हेच बाबा विचारतील, "आधी का नाही सांगितलंत?" रात्री अकराला, गाल सुजल्यावर. मुलगी रडेल आणि नाव माझं खराब होईल.

"घरी विचारून सांगतो," म्हणून ते निघाले. फी घेतलीच नाही मी. भांडायचं त्राण नव्हतं.

आजोबा खुर्चीत बसले. कवळीच्या आतून पेस्ट लावून टोचणारी जागा शोधली, कणभर घासली, परत बसवली. त्यांनी चावून बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि आडोशाबाहेर कुणी ऐकत नाही ना ते बघून हळूच विचारलं,

"बाये, ते तुझं लेपन ह्या कवळीला मारशील? खाज्याचा चुरा अडकतो गे."