कोअर शॉपच्या रजिस्टरवर सही कुणाची?

आज डोस्कं फिरलंय म्हणून लिहितोय. मोठं होणार, वेळ असेल तर वाचा.

आमच्या कंपनीत आज कार्यक्रम होता. पुढच्या महिन्यात परदेशी कस्टमरचं ऑडिट आहे आणि त्यांच्या चेकलिस्टमध्ये आता डायव्हर्सिटी आलंय, म्हणून कँटीनमध्ये स्टेज, पुण्याहून ट्रेनर, मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर 'सर्वसमावेशक नेतृत्व' आणि त्याच्यापुढं खुर्च्या टाकून बसलेले आम्ही सात जण. सातही पुरुष. त्यातला एक मी. शेवटी सगळ्या बायकांना एकेक गुलाब आणि स्टीलचा डबा, टाळ्या, फोटो, झालं. अक्का डबा काखेत मारून कोअर शॉपला पळाली, कारण मोल्डिंगवाले कोअरसाठी खोळंबले होते.

अक्का कोण ते सांगतो. शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओततात त्या कारखान्यात, काम केलेल्यांना कळेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, जिथं पोकळी पाहिजे तिथं वाळूचा कोअर बसवतात. रेझिन लावलेली वाळू गरम डायमध्ये भाजायची, नीट भाजला की बदामी-तपकिरी रंग येतो, पिवळट राहिला तर कच्चा. कच्चा कोअर साच्यात गेला की वितळलेला रस ओतताना गॅस सुटतो आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, पडतात, ते पण आत, मशीनिंग होईपर्यंत दिसत नाहीत. अक्का 19 वर्षं हेच करते. कोअर हातात घेते, नखानं ओरखडा काढते, कानाजवळ नेऊन टिचकी मारते आणि सांगते.

दोन वर्षांपूर्वी असंच सांगितलं होतं. "साहेब, मशीन काय बी दाखवू दे, ह्यो कच्चा हाय. वतू नगा." शिफ्ट इनचार्ज डिप्लोमा झालेला पोरगा, येऊन सहा महिने झालेले, काम अक्कानंच शिकवलेलं. त्यानं डिस्प्लेकडं बोट दाखवलं, टेंपरेचर बरोबर. मला बोलावलं, मी पण डिस्प्ले बघितला आणि म्हणालो चालू ठेवा. मशीन शॉपमधनं अख्खा लॉट परत आला. मशीनचं टेंपरेचर मोजणारा थर्मोकपल गेलेला होता. कस्टमरला जो रिपोर्ट गेला तो मी लिहिला, 'थर्मोकपल खराब' असं लिहिलं. अक्काचं नाव त्यात कुठंच नाही. तो पोरगा आज सीनियर इनचार्ज आहे आणि अक्का आजही 'कोअर शॉपच्या मावशी'.

आणि आपण कोल्हापूरचे! 26 जुलै 1902 चा जाहीरनामा आपल्याला पाठ आहे, शाहू महाराज विलायतेत होते तिथनं हुकूम काढला, मागासलेल्या वर्गांना 50 टक्के जागा, दरवर्षी 26 जूनला भाषणं ठोकतो आपण. पण त्याच हुकमाच्या शेवटी काय आहे ते किती जण सांगतात? प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तीन महिन्याला कुणाकुणाला नेमलं त्याचा तक्ता पाठवायचा. म्हणजे नुसतं 'आमची भावना चांगली आहे' चालणार नव्हतं, तक्ता दाखवा. आणि संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचा कारभार इंग्रज बाईंच्या नंतर रखमाबाई केळवकरांच्या हातात दिला. कारभार दिला, गुलाब नाही! आमच्याकडं कोण तक्ता मागतो? कोणी नाही, म्हणून कोणी लिहीत पण नाही.

मी आज घरी येऊन लिहिला. माझ्या आठवणीतल्या सगळ्या बढत्या, कागदावर. बाई एकही नाही. आडनावं वाचली तर फिरून फिरून तीच. हा मामाचा, तो गावचा, हा आपल्या तालमीतला. कुणी ठरवून नाही केलं हो, मला माहित्येय, ओळखीच्यावर विश्वास बसतो तसं होत गेलं. पण झालं ना? फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी, आणि भट्टीची पोरं, परराज्यातली पण आणि आपल्याच शेजारच्या वाड्यातली पण, वर्षानुवर्षं तिथंच. एकाचं नाव सुपरवायझरसाठी आलं होतं, तर कानानं कमी ऐकू येतं म्हणून खोडलं. अरे ग्राइंडर मारून मारूनच गेलेत त्याचे कान! आमच्याच कामानं कान गेले आणि त्याच कारणानं बढती पण गेली. ते खोडताना मी त्या खोलीत होतो.

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलतो. अक्का नववीपर्यंत शिकलीय, कस्टमरला ईमेल लिहिता येत नाही. मान्य. मग ईमेल मी लिहितो की, नाहीतरी मीच लिहितो. छोट्या कारखानदाराला बाईमाणसाचा खर्च जास्त पडतो, हे पण ऐकलंय. पाळणाघराचा वगैरे पडतो, नाही म्हणत नाही. पण बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या पगारी रजेचं काय सांगता, 21 हजारांच्या आत पगार आणि ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, नाव असलं की ते पैसे ईएसआय देतं, मालकाच्या खिशातनं जात नाहीत. माहिती नसताना बोलायचं आणि तेवढ्यावर पोरगी नको म्हणायचं. 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रार कमिटीची अध्यक्ष वरच्या पदावरची बाईच लागते, तेव्हा आमची काय शोधाशोध झाली ते बघायला पाहिजे होतं. वर कुणी बाईच नाही तर आणणार कुठनं?

जेवण झालं, आता परत लिहायला बसलोय, राग जरा उतरलाय.

कार्यक्रमानंतर मी कोअर शॉपला गेलो होतो. अक्का एका नव्या पोरीला टिचकीचा आवाज ऐकवत होती, एक कच्चा कोअर, एक भाजलेला, आलटून पालटून तिच्या कानाशी. मला बघून म्हणाली, "साहेब, डबा चांगला हाय, नातीला शाळंला हुईल." मला काय बोलावं सुचेना. त्या लॉटचा विषय तिनं या दोन वर्षांत एकदाही काढलेला नाही. मीच काढला आज. म्हटलं, अक्का, त्या वेळी तुमचं ऐकायला पाहिजे होतं. तर म्हणते, "व्हय, ऐकाय पायजे हुतं." एवढंच, आणि परत त्या पोरीकडं वळली.

येताना शिफ्टचं रजिस्टर उचलून आणलं. सगळे आकडे अक्काच्या अक्षरात, किती झाले, किती फुटले, किती कच्चे निघाले. रोजचे तिनंच लिहिलेले, आणि खाली इनचार्ज म्हणून त्या पोराची सही. आजच्या पानावर सही नाही, साहेब फोटोत होते.

शनिवारी मालकांसोबत मिटिंग आहे. अक्काचं नाव इनचार्जसाठी मी लेखी देणार आहे, आणि बढत्यांचा तक्ता दर तीन महिन्याला काढायचा हे पण. ते बसचं विचारणार, दुसरी शिफ्ट सुटल्यावर बायकांना घरापर्यंत कसं पोचवायचं, आणि मोल्डिंगकडं लेडीज टॉयलेट नाही त्याचं काय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही ज्यांच्या कारखान्यात बाई शिफ्ट इनचार्ज आहे त्यांनी हे कसं जमवलं ते खाली लिहा, किंवा फोन करा. शुक्रवारपर्यंत पाहिजे.