तुर्तुक शेवटचं गाव नाही
लडाखमधलं 'तुर्तुक हे भारताचं शेवटचं गाव' असं एका लेखात म्हटलंय, ते चूक. श्योक नदीच्या काठाने पुढे त्याक्षी लागतं, त्याच्याही पुढे थांग. अलीकडचं चालुंका धरून ही चारही गावं डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारताकडे आली.

आणि तिथल्या गावकऱ्यांबद्दलचं ते 'रात्री पाकिस्तानात झोपले, सकाळी भारतात उठले' हे वाक्य आता पुरे! ऐकायला गमतीशीर वाटतं, पण तिथल्या कितीतरी घरांची माणसं पलीकडे पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात अडकली. आम्ही उतरलो होतो तिथले आजोबा छपरावर जर्दाळू वाळत घालत होते. नदी वाहते त्या दिशेला बोट दाखवून म्हणाले, "भाई उधर है." बस्स, एवढंच. परत बिया काढायला लागले.