चार पोरांचं वजन

नागपुरात जड वस्तूचं वजन किलोत मोजत नाहीत, पोरांत मोजतात. "काही नाही भाऊ, चार पोरं लावली की उचलून जाते." वेटिंग रूममधला बाक चार पोरांचा, तिजोरी चार पोरांची आणि नॅरोगेज डब्याची चाकजोडीसुद्धा चार पोरांचीच. ही पोरं राहतात कुठे, ते रेल्वे संग्रहालयासाठी देणगीचं सामान वाहणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना अजून कळलेलं नाही. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा रिटायर होऊन बसलाय.

मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्ये उघडलं. पुढे छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद पडली, नागभीडची २०१९ मध्ये. तेव्हापासून अडीच फुटी गाडीवरचं प्रेम इतकं उतू चाललंय, की कोणाच्याही अंगणातल्या तुळशीमागून लोखंड निघतं.

त्यातला आमचा खास वैरी म्हणजे पार्सल ऑफिसातला वजनकाटा. जन्मभर गावाची पोती तोलली, पण स्वतःचं वजन विचाराल तर चूप! अंगावर ५०० किलो कोरलेलं असतं, ते तो किती तोलू शकतो त्याचं. दाता मात्र तोच आकडा दाखवून गाडी ठरवायला सांगतो. आम्ही टेप काढतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक घनफूट साधारण २०० किलो धरायचा, पोकळ भाग वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला घाबरून वर पाव हिस्सा चढवायचा.

मग काट्याची सुटी वजनं काढून वेगळ्या पेटीत भरायची आणि दांडी बांधून टाकायची. आत सगळा डोलारा पोलादी धारांवर टेकलेला असतो. दांडी मोकळी ठेवून गाडी खड्ड्यात आदळली की धारा बोथट होतात आणि काटा उरतो फक्त फोटोपुरता. उचलायचा पट्टा नेहमी खालच्या बैठकीला घालायचा. वरच्या नक्षीदार कमानीला हात घालायचा मोह सगळ्यांना होतो. पण बीड वाकत नाही, सरळ तुटतं. तुटल्यावर "आधीच तडा होता" म्हणणारा एक जण तयारच असतो.

फाटकातून अंगणापर्यंत हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, पोचत नाही. (पोचते तेव्हा पावसाळा असतो आणि काळ्या मातीत ती स्वतःच देणगी होऊन बसते.) म्हणून सब्बल (पहार), लाकडी गुटके आणि दोन इंची पाइपाचे चार तुकडे. सब्बलीने एक कड इंचभर उचलायची, लगेच गुटका सरकवायचा, बोटं नाही. खाली फळ्या, फळ्यांवर पाइप. मागचा मोकळा झालेला पाइप उचलून पुढे ठेवायचा, एवढंच एकाचं काम. उतार असेल तर दोर मागून धरायचा. पुढून ओढणारे हौशे पुष्कळ मिळतात. उतारावर काट्याला त्यांची गरज नसते, तो आपणहून निघतो.

उचलताना हायड्रावाला आखूड पट्टा काढतो, कारण लांबाचा गुंता त्याला सोडवायचा नसतो. दोन बाजूंचे पट्टे जमिनीशी ६० अंशांत असले तर प्रत्येकावर भाराचे ५८ टक्के येतात. ३० अंशांपर्यंत पसरले तर प्रत्येकावर पूर्ण भार. हे गणित सांगितलं की तो शांतपणे म्हणतो, "काहून टेन्शन घेऊन राहिले जी? रोजचं काम आहे." आणि मीटर चालूच. बूम, म्हणजे क्रेनचा हात, जितकी लांब, तितकी ताकद कमी, हे मात्र त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणूनच तो पार फाटकाला नाक लावून उभा राहतो आणि ट्रकला जागाच उरत नाही.

रुळाचा तुकडा देणारे वेगळे. ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो. प्रदर्शनाला हातभर पुरतो, दाता १३ मीटर देतो, म्हणजे ७८० किलो. त्याहून जड म्हणजे त्याचे कागद. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा कायदा आहे, आणि रस्त्यात अडवणाऱ्याला आपला वारसाप्रेमी चेहरा दिसत नाही, ट्रकमधला रूळ दिसतो. लिलावाची पावती आणि देणगीपत्र ड्रायव्हरच्या खिशात हवं. ते आपल्या खिशात असतं, आणि आपण मागे तर्री पोहे खात असतो.

निघायचं सकाळी सहाला. मे महिन्यात दहानंतर लोखंडाला हात लावणं म्हणजे तव्यावरची पोळी हाताने उलटणं. सहाला येतो तो फक्त ट्रक. हातमोजे आणणारा साडेनवाला येतो.

एवढं करून काटा एकदाचा चौथऱ्यावर बसतो. पट्टे सुटतात, हायड्रा चौक ओलांडते, पाइप मोजून डिक्कीत जातात. तेव्हा दाता दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो.

"भिंतीकडे चार इंच सरकवा ना भाऊ. चार पोरं लावली की..."