‘नको ते सामान गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला माशांच्या टाक्यांच्या दुकानदाराचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. तक्रारी तीन आहेत. दोन फुटी टाकी मागितली तर आम्ही चार फुटी दिली, वर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), हीटर आणि पाणी तपासायचं टेस्ट किट गळ्यात मारून बिल दुप्पट केलं. पैसे भरूनही मासे दिले नाहीत, महिन्याभरानं या म्हणालो. आणि तुम्ही दुसरीकडून आणलेले १२ मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे) दहा दिवसांत गेले, म्हणजे आमचा फिल्टर खराब.

आधी आमचं चुकलं ते. तुमचं बिल काढून बघितलं, त्यात हीटर १०० वॅटचा एकच आहे. दर लिटरला साधारण एक वॅट, हा हिशेब मीच पोरांना शिकवतो. ४ बाय दीड बाय दीडच्या टाकीत २५० लिटर पाणी बसतं, वाळू-दगड घातले तरी २०० च्या वर राहतंच. नाशिकला थंडीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. अशा रात्री तो एकटा हीटर अखंड चालूनही पाणी २५ अंशांवर टिकवू शकत नाही. १०० चा आणखी एक आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. तसेही एका मोठ्या हीटरपेक्षा दोन लहान बरे. एखादा अडकून चालूच राहिला तर एकटा मासे उकडू शकत नाही, बंद पडला तर दुसरा वेळ मारून नेतो. फक्त पाणी बदलताना दोन्हींचे प्लग काढत जा, नाहीतर काच तडकते.

दुसरं, तुम्ही आलात तो रविवार होता, गर्दी होती, आणि हे सामान कशासाठी ते कुणी बसून सांगितलं नाही. ते आज सांगतो.

फिल्टरबद्दल मात्र माफी मागणार नाही. तुम्हीच लिहिलंय, ‘पाणी दुधाळ झालं म्हणून दर दोन दिवसांनी आतला सगळा मीडिया नळाखाली घासून धुतला.’ मीडिया म्हणजे फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे. मासे गेले ते इथे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवरच वाढतात. नव्या टाकीत त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून महिन्यानं या म्हणालो. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. जे थोडेफार जिवाणू आले असतील तेही तुम्ही दर दोन दिवसांनी मारलेत. मीडिया धुवायचा तो बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, तोही हलक्या हातानं.

त्यात मलावीच्या माशांना पाणी जड लागतं, पीएच (पाणी आम्लाकडे की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. गप्पी कदाचित निभावून गेले असते, हे नाही. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी असतो. टेस्ट किट त्यासाठी दिलं होतं. तुमच्या फोटोत त्याचं सील अजून तसंच आहे.

दोन फुटी टाकी का नाही दिली? तिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी. हे मासे दगडाची एकेक कपार धरून बसतात आणि दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. लहान टाकीत मार खाणाऱ्याला पळायला जागाच नसते. बिल वाढवायचंच असतं तर तुमच्या चिरंजीवांनी मागितलेला बुडबुड्यांचा खजिन्याचा पेटारा, प्लास्टिकची झाडं आणि निळा-जांभळा महागडा लाइटही दिला असता. तिन्हींना नाही म्हणालो, ते रिव्ह्यूत आलं नाही! वाळूत कोरल सँड (प्रवाळाची वाळू) मिसळून दिली ती शोभेला नव्हे, तिच्यामुळे पीएच घसरत नाही. दगड आधी तळावर टेकवा आणि मग वाळू टाका. हे मासे उकरतात, आणि वाळूवर रचलेला ढीग एखाद्या रात्री काचेवर कोसळतो.

एक वस्तू मात्र मी द्यायला हवी होती ती दिली नाही: बॅटरीवरचा एअर पंप. लाईट जाऊन फिल्टर थांबला की टाकीतल्या माशांना हवा तोच देतो. कॅनिस्टर मात्र त्यानं वाचत नाही: लाईट चार-पाच तास गेली की बंद कॅनिस्टरमध्ये ऑक्सिजन संपून जिवाणू गुदमरतात आणि लाईट आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत येतं. पंप विकत घ्या, माझ्याकडूनच असं नाही.

आता असं करा. सोमवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर या, तेव्हा दुकानात मी स्वतः असतो. टाकीचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा, तुमच्यासमोर तपासतो. फिल्टर घेऊन आलात तर तोही उघडून बघू, मोटर खरंच बिघडली असेल तर बदलून देतो. आमच्या चालू टाकीतला जुना स्पंजही देतो, ओला ठेवून लगेच घरी नेऊन तुमच्या कॅनिस्टरमध्ये टाका, जिवाणू लवकर धरतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे घ्यायला या. त्याआधी आलात तर चहा मिळेल, मासे नाही.