अर्धा कोंबडा

नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घरी टीव्हीच्या वर सध्या एक फोटो लटकून आहे. मी, बायको, मागे ऱ्हाइन नदी अन् जर्मनीतल्या कोलोन शहराचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च. आईने व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून मोठा करून लॅमिनेटच करून आणला, हार घालायचा तेवढा बाकी ठेवलाय. आम्ही सुट्टीवर आलो तेव्हापासून येणारा प्रत्येक माणूस आधी कूलरसमोर बसतो, बाहेर ४५ डिग्री आहे, मग मठ्ठा पितो अन् मग फोटोसमोर उभा राहतो. परवा मामा उभे राहिले. म्हणे, "लय खुश दिसून राहिला बे पोट्ट्या इथं!"

मी खुश नव्हतो मामा. ते हसू नाही, ते आवळलेले दात आहेत. काहून आवळले होते ते तेव्हा सांगितलं नाही कारण गोष्टीत बिअर आहे अन् बाजूच्या खोलीत आई आंबे चिरत होती. इथे सांगतो.

मानहाइमजवळ एका लहानशा गावात आम्हाला तेव्हा आठ महिने झाले होते. आठही महिन्यांचे वीकेंड घर लावण्यात गेले, कारण तिकडे भाड्याच्या घरात बरेचदा ओटासुद्धा नसतो, आधीचा भाडेकरू जाताना किचन उचकटून घेऊन जातो, भिंतीतून दोन नळ अन् छतातून एक वायर लोंबकळत असते, बस, बाकी तुम्ही पाहा. ओटा लागला, पडदे लागले, कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात ते पाठ झालं, तेव्हा बायको म्हणाली की आता आपण सेटल झालो, आता फिरायला जायचं. तशी इकडूनही विचारणा सुरू झालीच होती. जर्मनीत राहता अन् फोटो काहून टाकत नाही? काही प्रॉब्लेम आहे का?

म्हणून ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार, कोलोन.

आता वेगवान गाडीने आमच्याकडून कोलोन दोन तासांच्या आत येतं. पण आमच्याकडे डॉइचलँड तिकीट होतं. हा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, आम्ही गेलो तेव्हा ५८ झाला होता, त्यात देशभरातल्या सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात, फक्त वेगवान गाड्या चालत नाहीत. पैसे तर भरलेलेच आहेत मग वरून आणखी तिकीट कशाला, असा शुद्ध नागपुरी विचार मी केला अन् दोन तासांचा प्रवास दोन गाड्या बदलून चार तासांवर नेला. त्यात दुसरी गाडी रद्द झाली. तिसरीचा फलाट ऐन वेळी बदलला, अनाउन्समेंट झाली होती म्हणे, आम्ही ती गाणं ऐकल्यासारखी ऐकली अन् मग सगळा फलाट रिकामा होताना पाहून त्यांच्या मागे पळालो. ऱ्हाइनचं खोरं लागलं, दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ले, युनेस्कोच्या यादीत आहे तो सगळा पट्टा, बायकोने सगळे किल्ले पाहिले. मी फोनमध्ये पुढची गाडी पाहून राहिलो होतो.

पोचलो तेव्हा एक वाजला होता. हॉटेलवाला तीनच्या आधी खोली देत नाही म्हणाला म्हणून बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकली अन् लॉकरने खिशातली होती नव्हती ती सगळी चिल्लर गिळली. ही चिल्लर लक्षात ठेवा.

मग जेवण. डब्यात तिखट पुऱ्या होत्या पण एवढ्या लांब येऊन फलाटावर पुऱ्या काय खायच्या, म्हणून एका जुन्या बिअरच्या खानावळीत शिरलो. मेनूवर मला दिसलं 'हाल्व्ह हान'. जर्मन क्लासला आम्ही प्राण्यांच्या धड्यापर्यंत पोचलो होतो, हान म्हणजे कोंबडा. अर्धा कोंबडा! आठ महिन्यांत सावजीचं नाव काढलं तरी डोळे भरून यायचे तो मी, तर्री नसेना पण कोंबडा तर आहे, मी जोरात ऑर्डर दिली. बायकोचा शनिवार होता, शनिवारी ती अंडंही खात नाही. तिने मेनूत 'स्वर्ग आणि पृथ्वी' अशा अर्थाची एक डिश शोधली. झाडावरचं सफरचंद म्हणजे स्वर्ग, जमिनीतला बटाटा म्हणजे पृथ्वी. किती सात्त्विक बघ, म्हणाली. त्या ओळीत पुढे आणखी एक लांबलचक शब्द होता, तो तिने सोडून दिला.

जेवण यायच्या आधी बिअर आली. कोलोनची बिअर म्हणजे क्योल्श, २०० मिलीच्या उभ्या बारक्या ग्लासात येते, निळ्या कपड्यातला वाढपी ग्लास ठेवतो अन् खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने एक रेघ मारतो. ग्लास संपला की न विचारता दुसरा, दुसरी रेघ. मी संपवला, त्याने ठेवला. आता आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. मी बिचारा उरवायचं नाही म्हणून संपवतोय अन् तो ह्याला आणखी पाहिजे समजून ठेवतोय, दोघंही आपापल्या संस्काराप्रमाणे वागून राहिलो होतो. सात रेघा झाल्यावर बाजूच्या टेबलावरच्या आजोबांना दया आली, त्यांनी माझा पुठ्ठा उचलून ग्लासावर झाकण ठेवला. बस, एवढंच करायचं असतं. हे तर आपल्या पंगतीतलंच झालं ना, जिलेबीवाला आला की पानावर आडवा हात! एवढा मोठा झालो पंगतीत जेवून अन् वेळेवर सुचलं नाही.

तेवढ्यात ताटं आली. माझा अर्धा कोंबडा म्हणजे राय नावाच्या धान्याचा एक पाव, चीजचा जाड तुकडा, कच्चा कांदा अन् मोहरीची चटणी. मी पाव उचलून खाली पाहिलं. कोंबडा नव्हता. ते नावच तसं आहे, कोंबडा त्यात कधीच नसतो, अख्ख्या कोलोनला माहीत आहे. अन् बायकोच्या स्वर्ग-पृथ्वीवर तळलेल्या काळ्या चकत्या. तिने फोनवर तो सोडलेला शब्द शोधला, फोन माझ्याकडे सरकवला अन् खुर्ची मागे घेतली. रक्ताचं सॉसेज. आपली रक्ती असते ना, तिची जर्मन मावसबहीण. काही न बोलता आम्ही ताटं बदलली. चांगली होती हो, तिखट नव्हती एवढंच.

मग कॅथेड्रल, अन् ते पण वरपर्यंत, कारण बायको आता चिडलेली होती अन् चिडली की ती पाहायची एकही गोष्ट सोडत नाही. ५३३ पायऱ्या, गोल जिना, लिफ्ट नाही. पोटात सात ग्लास, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. अर्ध्या वाटेत २४ टनांची घंटा आहे, १९२३ साली ओतलेली, बायको माहिती वाचून दाखवत होती अन् मी देवाला म्हणत होतो, आता ही वाजवू नको रे बाप्पा. वरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मी दम खात सांगितलं, बाबा, काम १२४८ ला सुरू झालं अन् १८८० ला संपलं, मध्ये १५६० पासून जवळपास पावणेतीनशे वर्षं बंदच होतं, अपुऱ्या मनोऱ्यावर क्रेन तशीच उभी. बाबा म्हणाले, "कंत्राटदार आपल्याकडचा होता का बे?"

खाली उतरलो तर उजेड चाललाय म्हणून बायकोने थेट पुलावर नेलं. होहेनझोलर्न पूल, दिवसाला हजारावर गाड्या जातात त्यावरून, प्रत्येक गाडीला पूल थरथरतो अन् त्याबरोबर मी. कठड्याला कुलपंच कुलपं, जोडपी येतात, कुलूप लावतात, किल्ली नदीत फेकतात. आम्ही काही कुलूप आणलं नव्हतं, पण बायकोच्या पर्सला बॅगेचं पितळी कुलूप अडकवलेलं होतं, तेच लावलं. किल्ली फेकली. एका काकूंनी फोटो काढला, मग आडवा काढला, मग उन्हाची तिरीप आली म्हणून परत काढला. तो हा फोटो.

पुढचं थोडक्यात. स्टेशनवर मुतारीच्या फाटकाला एक युरोचं नाणं पाहिजे, चिल्लर लॉकरच्या पोटात. नोट मोडायला पाण्याची बाटली विकत घ्यावी लागली. मुतायला जायचं म्हणून पाणी घेणारा धरमपेठेतला मी पहिलाच असेन. बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट घेतलं ते वेगळं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, पुऱ्या शेवटी फलाटावरच खाल्ल्या.

मामा गेल्यावर आई हात पुसत बाहेर आली, चष्मा लावून फोटोच्या अगदी जवळ गेली. वाटलं हिला माझे दात कळले.

"हे तर इतवारी बाजारातलं कुलूप आहे. तुम्ही निघाले तेव्हा मीच लावून दिलं होतं बॅगेला."

"हो आई, तिथे प्रथाच आहे तशी, किल्ली नदीत—"

"नदीत फेकली? चांगल्या कुलपाची?" ती आत गेली अन् कपाटातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. एक किल्ली सोडवून बायकोच्या हातात दिली. "दुसरी आहे माझ्याजवळ. आता जाल तेव्हा काढून घ्या."

बायकोने ती पर्समध्ये टाकली आहे.